सांधा न दिसणारा भात

भात कापणीला आलं की आमच्या गावचा डांबरी रस्ता अर्धाच उरतो. उरलेल्या अर्ध्यावर ताडपत्र्या, ताडपत्र्यांवर भात आणि भातावर गावातल्या समस्त कोंबड्यांचा डोळा. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून गावाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, पण चाक काही भाताला लावत नाही. परवा अलिबागहून गावी निघालो, तर खाडीच्या वळणावरच तो वास आला. ओल्या पेंढ्याचा, तापलेल्या डांबराचा आणि मागून हळूच येणारा खाडीच्या चिखलाचा. पन्नाशी उलटेपर्यंत मी ह्याला कापणीचा वास म्हणत आलो. हल्ली तो आला की आधी मला हसू येतं, मग प्रश्न पडतो, आणि मग हसू का आलं होतं तेच आठवत नाही. गोंधळालाही वास असतो, हे मला दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात कळलं.

त्या हंगामाची मला गोष्ट सांगता येत नाही. मला फक्त एक अंगण दिसतं. अंगणात पंगत, पंगतीत पत्रावळी, पत्रावळींवर लालसर भात, आणि अख्खं गाव त्या भाताकडे असं बघतंय की जणू तो आता उठून बोलायला लागणार आहे. मीही त्यांतच. फरक एवढाच, की मला भूक लागली होती.

आमची शेतं खारीची. म्हणजे खाडीला बांध घालून तिच्याकडून मागून घेतलेली. आपण विसरलो, खाडी विसरलेली नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती बांधापाशी येते, चौकशी करते आणि जाते. कधी बांधाला खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. मग खारं पाणी आत येतं आणि हिरवं उभं भात बघता बघता तव्यावर भाजल्यासारखं होऊन जातं. ते बघायला शेतकरी असावं लागत नाही. माझ्यासारख्या अलिबागच्या कचेरीत कागद सरकवणाऱ्या माणसानेही ते बघत परतीची एसटी चुकवली आहे.

त्या वर्षी भाद्रपदातल्या उधाणाला खांड पडली आणि सगळी खार करपली. सगळी म्हणजे सगळी. फक्त मंगलवहिनीचा खालचा तुकडा सोडून.

मंगलवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर, त्यामुळे शेत, गोठा, देव आणि दीर हे चारही वहिनीच्या अखत्यारीत. खालचा तुकडा हा त्यातला सर्वांत नालायक. ऐन खाडीच्या तोंडाशी, सदा खारट. वहिनीने तो टाकूनच दिला होता. पण त्या वर्षी जूनमध्ये तिची मुलगी सायली चार दिवस आली, आणि आईचा गुडघा सुजलेला बघून म्हणाली, "तो तुकडा मी पेरते. माझ्याकडे चांगलं बी आहे." तिने बी भिजवलं, पेंढ्यात गुंडाळून वर दगड ठेवले, मोड आणले आणि चिखलात फेकलं. खारीत अशीच पेरणी असते, आमच्याकडे तिला रहू म्हणतात. वहिनी ओटीवर गुडघ्याला लेप लावून बसली होती. बी कुठलं, हे तिने विचारलं नाही. पोरगी पेरते आहे, एवढंच तिला पुरलं. सायली पेरून निघून गेली.

आता इथे एक भानगड आहे. सायली कुठे निघून गेली? तर लांबच्या एका शहरात, प्रयोगशाळेत. तिथे ती काय करते? तर खाऱ्या पाण्यात तगेल असं भात तयार करते. बियाच्या आतली कसलीशी चिठ्ठी असते, ती वाचते आणि त्यातलं एखादं अक्षर बदलते. मला हे तिने अनेकदा समजावलं आहे आणि मी अनेकदा मान डोलावली आहे.

म्हणजे बघा. खार करपली. एक तुकडा उभा राहिला. तो सायलीने पेरलेला. आणि सायली भाताचं बी बदलते. ह्या चार वाक्यांची बेरीज करायला गावाला किती वेळ लागला असेल? किराणा दुकानाच्या फळीवर पहिला चहा संपायच्या आत निकाल लागला.

"लॅबमधनं आनलान," दामूअण्णा म्हणाले. दामूअण्णा म्हणजे आमच्या बांधाचे कारभारी. गावातली खांड त्यांच्या हुकमाशिवाय भरत नाही आणि गावातलं भांडण त्यांच्याशिवाय रंगत नाही. "त्याला जीएम का काय म्हनतात. त्यात विंचवाचा पन घालतात."

"विंचवाचा काय अण्णा?" मी विचारलं.

"ते मी सांगू? तू शिकलेला ना?"

पुढे तुकड्यातल्या लोंब्या लालसर दिसू लागल्या. दोन म्हाताऱ्या म्हणाल्या, अगो, हा तर राता! राता म्हणजे आमच्या खारीतलं जुनं लाल भात, खाऱ्या पाण्याला दाद न देणारं. पिशवीतली सुधारलेली बियाणी आली आणि ते आमच्या गावातून गेलं. पण दामूअण्णांनी म्हाताऱ्यांना उडवून लावलं. "रंगाचं काय घेऊन बसलीस? आता रंग पन घालतात. आनि राता एवढा भरलेला कधी बघितलास?"

मी वहिनीला म्हटलं, सायलीला फोन करून विचारू. वहिनीने पदर खोचला, इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, फोनवर काय बी बोलायचं न्हाय. त्यांच्या तिकडं एक दाना बाहेर न्यायची बंदी हाय. पोरीची नोकरी जाईल."

हे मला फार आवडलं. एवढं मोठं गुपित माझ्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदाच आलं होतं. त्या दिवसापासून कोणी विचारलं की मी ओठांवर बोट ठेवायचो, भुवया उंचवायचो आणि एक लांब निःश्वास सोडायचो. बोलायचो काहीच नाही. माझ्या त्या काहीच न बोलण्याने अफवा पार आगरदांड्याच्या धक्क्यापर्यंत गेली. एसटीत एकाने मलाच सांगितलं, "त्या गावात एक भात आहे, समुद्रात लावलं तरी येतं." मी खूश होऊन त्याला तिकिटाला सुटे दिले.

पण खरी अडचण कोजागिरीची होती. आमच्याकडे त्या दिवशी नवं करतात. नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानात बांधून दारावर लावायच्या, नव्या तांदळाचा भात देवाला दाखवायचा. आणि त्या साली ज्याचं भात सगळ्यांत चांगलं, त्याच्या अंगणात गावाने जेवायचं. जेवल्यावर त्याच घरून पुढच्या सालासाठी बी न्यायचं. बियाला दाम लावायचा नाही आणि बियाला नाही म्हणायचं नाही. नेणाऱ्याने आपल्या घरचं काहीतरी आणायचं, नारळ म्हणा, मूठभर वाल म्हणा. पण बी नेण्याआधी त्या घरचा घास पोटात गेला पाहिजे. जे आपण खात नाही ते पेरायचं नाही, असा त्यातला हिशेब.

आणि त्या साली भात होतं एकाच घरात. वहिनीचं बी घेतलं तर पुढच्या वर्षी खार हिरवी. नाही घेतलं तर खार ओसाड, आणि ओसाड खारीच्या बांधावर कोण माती टाकणार? खाडी तर वाटच बघत होती. घ्यावं, तर पोटात काय जाणार ते ठाऊक नाही. आणि समजा ते खरंच प्रयोगशाळेतलं निघालं, तर गावाची पंगत म्हणजे सायलीच्या गुन्ह्याचा पंचनामा. वहिनीने आमंत्रण मात्र सगळ्यांना दिलं. न देऊन कसं चालेल? तुकडा कापला, भात दोन दिवस कडकडीत वाळवलं, बियाचं बाजूला ठेवलं आणि पंगतीपुरतं उखळात सडलं.

सायली सकाळच्या गाडीने आली. अंगणात माणसं जमली होती. चहा आणि फरसाण फिरत होतं. दामूअण्णा फरसाणाची बशी मांडीवर घेऊन, तोंड भरलेलं असतानाच म्हणाले, "सायले, तुमचं ते भात खाल्ल्यावर मानसाला काय व्हतं?"

"कुठलं आमचं?" ती म्हणाली. तिला वाटलं, अण्णा तिच्या कामाची चौकशी करतायत. बिचारी खूश झाली. गावात आजवर कोणी केली नव्हती. ती पायरीवर बसून सांगायला लागली. "अण्णा, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकात दुसऱ्या जिवाचा गुणधर्म आणून घालतात. आम्ही तसं करत नाही. आम्ही भाताचंच आतलं थोडंसं बदलतो."

मी नाटकातला माणूस, गावच्या उत्सवात सगळ्या भूमिका केलेला. मला एकदम पटलं. म्हटलं, "म्हणजे एकात दुसऱ्या नाटकातलं पात्र आणून उभं करायचं आणि एकात आपल्याच नाटकातलं एखादं वाक्य गाळायचं!"

"साधारण तसं, काका."

"मग त्यात काय भ्यायचं? आम्ही दर प्रयोगाला गाळायचो."

"आनि नाटक पडायचं," दामूअण्णा म्हणाले. अंगण हसलं. मला लगेच उलटं पटलं.

सायली म्हणाली, "आणि अण्णा, तुम्ही आता खाताय ते फरसाण. स्वस्तातलं फरसाण बऱ्याचदा सरकीच्या तेलात तळतात. सरकी म्हणजे कापसाचं बी, आणि आपल्याकडचा बहुतेक कापूस आता बदललेलाच आहे."

दामूअण्णांचा घास तोंडातच थांबला. त्यांनी बशीकडे पाहिलं, सायलीकडे पाहिलं. मग एकेक शेव शोधून शोधून चावली. थुंकली मात्र नाही. "म्हशीला सरकीची पेंड घालतो मी," ते हळूच म्हणाले. "तिला विचारलं न्हाय."

"तेलात तो बदल उतरत नाही म्हणतात," सायली घाईघाईने म्हणाली. "पण म्हटलं, तुम्हाला माहीत असावं."

"माझ्या आंब्याला कलम करतात तवा कोन विचारतो?" वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. इतके दिवस गप्प असलेली वहिनी अचानक प्रयोगशाळेची बाजू घेते आहे, हे मला जरा नवलाचं वाटलं. तेव्हा लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात सहसा नंतरच येतं.

दामूअण्णा कलमावर मात्र ठाम होते. "कलमाचा सांधा दिसतो, मंगल. झाडावर हात फिरवला की कळतं, हितं कापलं, हितं जोडलं. ह्याचा सांधा कुटं हाय? दाखव सायले. मी हात लावून बघतो, मग खातो."

मला वाटतं, प्रयोगशाळेत तिला इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नसावा. "डोळ्यांना दिसत नाही," ती शेवटी म्हणाली. "तपासायला यंत्र लागतं."

"यंत्र कुनाकडं?"

"आमच्याकडेच."

"हां!" असं म्हणून अण्णांनी जी मान हलवली, ती बघायला तुम्ही हवे होतात. "आनि येक. तुमचं भात पुढच्या साली ह्यातनंच पेरायला मिळंल, का परत पिशवी आनायची? शेजाऱ्यानं मागितलं तर देता येईल का?"

"ते अजून मला माहीत नाही अण्णा. ते ठरवणारी माणसं वेगळी आहेत."

मी सायलीकडे बघत होतो. ती खोटं बोलली असती तर सोपं झालं असतं. 'काही होत नाही, खा' म्हणाली असती तर मी तिच्या बाजूने झालो असतो. किंवा अण्णा नुसतेच अडाणीपणाने ओरडले असते, तरी तिच्याच बाजूने झालो असतो. पण दोघंही खरं बोलत होती आणि माझी पंचाईत करत होती. आपण उपासाला बटाटा खातो. तो पोर्तुगीजांच्या गलबतातून आला तेव्हा कोणा दामूअण्णांनी त्याचा सांधा विचारला असेलच ना? आणि त्यांना उत्तर मिळालं असेल का? की नुसतीच भूक लागली असेल?

पत्रावळी मांडल्या. वहिनीने भात वाढला. लालसर, जाड, वाफाळता, वर तुपाचा ठिपका. बाजूला वालाचं बिरडं. पंगत बसली आणि बसूनच राहिली. मी चित्राहुती घातली, घास उचलला आणि दामूअण्णांनी माझं मनगट धरलं.

"थांब. आधी कळू दे." ते सायलीकडे वळले. "पोरी, गावासमोर विचारतो. हे बी तुझ्या लॅबमधलं का?"

आणि त्याच क्षणी वहिनी पळीसकट पुढे आली. "मी आनलं बी!" तिचा आवाज पार गोठ्यापर्यंत गेला. "बाजारातनं! अलिबागच्या! पोरीचा काय बी संबंध न्हाय!"

मी रंगमंचावर इतकं वाईट खोटं कधी पाहिलेलं नाही. पळीतून भात सांडत होता, आणि ती सायलीच्या पुढ्यात अशी उभी राहिली होती की जणू कोणी दगड मारणार आहे.

"आई, कसलं बाजारातलं?" सायली हसायला लागली. "हे फातिमाखालाचं बी आहे!"

आता फातिमाखाला म्हणजे सायलीच्या शाळेतल्या मैत्रिणीची आई, राहायला खाडीपलीकडे दिघीला. तिच्या घरची माणसं आखातात, पण ती स्वतः मात्र एका तुकड्यात अजून राता पेरते, कारण तांदळाची भाकरी तिला त्याचीच लागते. जूनमध्ये सायली फेरीबोटीने खालाला भेटायला गेली होती. बी मागितलं, खालाने ओढणीत बांधून दिलं, सायलीने नारळ ठेवला. एवढंच. "तुला म्हटलं होतं ना, चांगलं बी आहे?" ती आईला म्हणाली. "तू विचारलंच नाहीस. कोणीच विचारलं नाही. लॅबमधलं कसं आणीन मी? तिथे जाळीच्या आत असतं सगळं."

त्या दोन म्हाताऱ्यांनी लगेच आपापल्या पत्रावळी जवळ ओढल्या.

"म्हंजी हा आपला राता?" दामूअण्णा म्हणाले.

"हो."

"लॅबमधला न्हाय?"

"नाही अण्णा."

अण्णांचा चेहरा उजळला. मग हळूहळू पडला. मग त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि अत्यंत संशयाने विचारलं, "मग आपला एवढा चांगला कसा?"

पंगत हसून आडवी झाली आणि हसता हसताच जेवायला लागली. म्हाताऱ्या एकमेकींना कोपराने ढोसत 'सांगितलं व्हतं ना' करत होत्या. अण्णा पहिला घास फार वेळ चावत राहिले. "राताच," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "मला वाटतं." मीही खाल्ला. गोडसर होता, दाताखाली जरा टणक. पण खरं सांगू? सायली 'होय, लॅबमधलं' म्हणाली असती, तर त्याच घासात मला औषधाचा वास आला असता. मी शपथेवर सांगितलं असतं. जिभेवर माझा फार विश्वास होता. त्या दिवसापासून तोही डळमळला.

जेवणं झाली. नारळ, वाल, एकाने तर सुकट, असं काय काय अंगणात जमलं आणि वहिनी रोवळीने बी घालत राहिली. सगळ्यांना दिलं. घालताना तिने मान वर केली नाही. मला वाटलं, दमली असेल. मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा मायलेकी चुलीपाशी होत्या.

"मला वाटलं, तुझं हाय," वहिनी म्हणत होती.

"म्हणजे?"

"तुझ्या हातचं. तू बनवलेलं. खांड पडली, सगळं करपलं आनि तेवढाच तुकडा उभा. रोज बांधावर जाऊन बघत व्हते. लोकं कायबाय बोलायची, मी मनात म्हनायची, बोला. माझ्या पोरीचं हाय." ती पदराने भांडं पुसत राहिली. भांडं कोरडंच होतं. "आनि ते निघालं खालाचं."

सायलीने ते भांडं तिच्या हातातून काढून घेतलं. मग ती म्हणाली, "आई, आणावंसं वाटलं होतं. जाळीत उभी असते ना, तेव्हा मला हाच तुकडा दिसतो."

"मग का न्हाय आनलास?"

"बंदी आहे. आणि बंदी नसती तरी... शेजारच्या भातावर, मातीवर काय होईल, ते अजून पुरतं बघून झालेलं नाही. अण्णा विचारतात ते काही खोटं नाही."

"कधी व्हईल बघून?"

"माहीत नाही, आई."

वहिनीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मग तो तुकडा मी मोकळा ठेवते."

"वेडी आहेस का? राता छान येतो तिथे!"

"राता आता गावभर हाय. तो कुटं बी येईल. ह्यो तुझा. बघून झालं, बंदी उठली, की ये आनि पेर."

मी पाणी न पिताच बाहेर आलो. अण्णा रोवळी काखेत घेऊन निघाले होते. आपण नक्की कशाला घाबरलो होतो आणि कशातून सुटलो, हे त्यांना विचारावंसं वाटलं. पण ते शीळ घालत होते.

परवा गेलो तेव्हा कापणी नुकती लागली होती आणि बाकी सगळी खार लाल-पिवळी होऊन वाऱ्यावर डुलत होती. खाली खाडीच्या तोंडाशी वहिनीचा तुकडा तेवढा रिकामा. नुसतं पाणी, चिखल आणि दोन बगळे. सायलीची बंदी अजून उठलेली नाही. त्या तुकड्याच्या बांधावर दामूअण्णा कमरेपर्यंत चिखलात उभे राहून खांड बुजवत होते. आमच्याकडे ज्याचा तुकडा, त्यानेच त्याच्या बांधावर माती टाकायची असते. हा तुकडा तर त्यांचा नव्हता आणि त्यात पीकही नव्हतं.

"अण्णा," मी वरून ओरडलो, "इथे पुढेमागे लॅबमधलं येणार. तुमचा विरोध ना त्याला?"

"हाय ना! मरेपर्यंत हाय!"

"मग बांध कशाला घालताय?"

अण्णांनी चिखलाचं ढेकूळ खांडीत दाबून बसवलं, त्यावर पाय दिला आणि माझ्याकडे असं पाहिलं की शिकलेला माणूस इतका मठ्ठ कसा असतो.

"आधी उगवू तर दे," ते म्हणाले. "न्हायतर विरोध काय बगळ्यांना करू?"